पडद्याखालच्या ओळी आणि कोष्टकाचे पान
(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. आपले काम पडद्यामागचे, किंबहुना पडद्याखालचे! पण गेल्या वर्षी आपल्या चित्रफितीच्या वेळी जो घोटाळा झाला, तो माझ्याच हातचा. तेव्हा तो निस्तरला कसा, हेही मीच सांगावे हे न्यायाचे आहे.

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपण पाच आजींकडून बोलवून घेतल्या. चित्रफीत बारा मिनिटांची. ज्यांना ऐकू कमी येते त्यांच्यासाठी खाली मराठी ओळी हव्या होत्या, आणि परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी. ज्यांना सबटायटल म्हणतात त्या याच ओळी. त्यांची किंमत कमी समजू नका. १९९९ साली अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती चित्रगीतांखाली गुजरातीतच शब्द दाखवू लागले, ते लोकांचा वाचनाचा सराव वाढावा म्हणून.

या ओळींची जी फाईल असते तिला एसआरटी म्हणतात. आत जादू काही नाही. आधी अनुक्रमांक, त्याखाली ओळ केव्हा दिसावी आणि केव्हा जावी ती वेळ, तास, मिनिटे, सेकंद आणि सेकंदाचा हजारावा भाग अशी, मध्ये एक बाण, त्याखाली मजकूर, मग एक रिकामी ओळ. पुन्हा पुढचा अनुक्रमांक. आपल्या फितीत अशा दोनशेंवर ओळी होत्या. एकाखाली एक अशा त्या वाचणे म्हणजे निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकाच सुपात ठेवण्यासारखे. म्हणून त्यांचे कोष्टक करायचे: अनुक्रमांक, सुरुवात, शेवट, मूळ मजकूर, भाषांतर आणि शेवटी शेऱ्याचा रकाना.

हे करायला ‘सबटायटल एडिट’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. पण हातानेही जमते. फाईल वर्डमध्ये उघडावी. ‘शोधा आणि बदला’ या सोयीने रिकाम्या ओळीच्या जागी एखादी खूण घालावी. मग उरलेल्या प्रत्येक ओळमोडीच्या जागी टॅब, बाणाच्या जागीही टॅब, आणि शेवटी त्या खुणेच्या जागी ओळमोड. हा क्रम चुकवू नये. आता सगळे उचलून एक्सेलमध्ये ठेवले की एकेक वाक्य आपापल्या आडव्या ओळीत बसते. जिथे मजकूर दोन ओळींचा असेल तिथे दुसरी ओळ पुढच्या रकान्यात जाते. ती आधी जोडून घ्यावी आणि मगच भाषांतराचा रकाना आखावा.

तीन पथ्ये मात्र पाळा. वेळेच्या रकान्यांचा प्रकार आधीच ‘मजकूर’ असा ठरवा, नाहीतर एक्सेल स्वतःच्या शहाणपणाने वेळेचे रूप बदलते. वेळेचे आकडे इंग्रजीच ठेवा. प्रेमाने मराठी आकडे घातलेत तर फाईल चालायची नाही. आणि साठवताना ‘यूटीएफ-८’ हाच पर्याय निवडा, नाहीतर आपल्या सुंदर देवनागरीची प्रश्नचिन्हे होतात.

आता माझा घोटाळा. चाळिसाव्या ओळीत एक शब्द दोनदा आला होता, म्हणून मी तो चौकोन काढून टाकला. फक्त चौकोन; पूर्ण आडवी ओळ नव्हे. खालचे सगळे चौकोन एकेक घर वर सरकले, वेळा मात्र जागच्या जागीच राहिल्या. प्रत्येक वाक्य एक पाऊल आधी उमटू लागले. एका आजींचे बोलणे संपायच्या आतच दुसरीचे शब्द त्यांच्या तोंडाखाली! सभागृहात पहिल्या रांगेत बसलेल्या आमच्या ८४ वर्षांच्या आजी, ज्यांना आता ऐकू येत नाही, त्या मागे वळून म्हणाल्या, “अगं, तोंड माझं आणि कहाणी दुसरीची?” मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेव्हापासून मूळ फाईलची एक प्रत वेगळी ठेवतो. काढायची तर पूर्ण आडवी ओळच काढतो. आणि परत एसआरटी करण्यापूर्वी शेवटच्या अनुक्रमांकासमोर शेवटचेच वाक्य आहे ना, ते पाहतो.

पण खरी परीक्षा भाषांतराची होती. आजी म्हणाल्या होत्या, “खडी फोडली, सुकडी खाल्ली, पण पोरं जगवली.” आमच्यापैकी एकीने इंग्रजीत लिहिले, ‘फार कष्टाचे दिवस होते.’ जागा वाचली, पण खडीही गेली आणि सुकडीही! मूळ वाक्य शेजारच्याच रकान्यात साक्षीदारासारखे उभे होते, म्हणून ही चोरी पकडली गेली. शेऱ्यात आम्ही लिहिले: ‘सुकडी’ हा शब्द तसाच ठेवावा, जोडीला ‘दुष्काळी कामावरचे खाणे’ एवढे घालावे.

लांबीचाही प्रश्न असतो. एका वेळी दोन ओळींहून अधिक नकोत. एक्सेलला अक्षरे मोजायला सांगितली, तर ‘स्त्री’ या एका अक्षराची ते सहा मोजते, कारण काना-मात्रा आणि जोडाक्षरांचे तुकडे ते वेगळे धरते. म्हणून यंत्राच्या मोजणीवर न जाता पडद्यावर स्वतः वाचून पाहावे. आपल्याला वाचून होण्याआधी ओळ गेली, तर शब्द कमी करावेत; माणसाचे म्हणणे कमी करू नये.

दुसऱ्या खेपेला आजींनी फीत पाहिली. मराठीत आम्ही ‘खाण्याचे हाल झाले’ असे लिहिले होते. त्या म्हणाल्या, “मी उपास पडले म्हटलं होतं. तेच लिहा. लाज कसली?” आम्ही एकशे बाराव्या ओळीत तेच लिहिले.

भगिनींनो, या वर्षी आणखी आजींच्या आठवणी घ्यायच्या आहेत. एकीने वेळा पाहाव्या, एकीने मराठी, एकीने इंग्रजी. कोष्टक एकच असल्यामुळे काम सुखाने वाटून घेता येते. ज्यांना संगणकाची भीती वाटते त्यांनी अवश्य यावे. मूळ शब्द ऐकून तो बरोबर लिहिला आहे की नाही, हे सांगायला संगणक नव्हे, मराठी कान लागतो. आणि तो आपणा सर्वांपाशी आहे.