धुराचा हिशेब आणि मुकादमी

(मांजरसुंबा येथे कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



धुळे–सोलापूर महामार्गावरील मांजरसुंब्याच्या चौकातून दिवसरात्र मालमोटारी जातात. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. तो कोणाच्या खात्यावर लिहावयाचा, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसाचा वाटतो. वस्तुतः तो जबाबदारीचा आहे.

कंपन्यांचे उत्सर्जन मोजण्याची जगभर रूढ झालेली पद्धत २००१ साली प्रसिद्ध झाली. तीत तीन वर्ग आहेत. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या व वाहने यांचा धूर पहिल्या वर्गात. विकत घेतलेल्या विजेमागचा दुसऱ्यात. कच्चा माल, भाड्याची वाहतूक, विकलेल्या वस्तूंचा वापर हे सारे तिसऱ्यात. जाळलेले इंधन व वापरलेली वीज यांना ठरावीक गुणकांनी गुणले की पहिल्या दोन वर्गांचा आकडा हाती येतो.

'सेबी'ने २०२१ साली शेअर बाजारातील सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांसाठी असा अहवाल ठरवून दिला व २०२२–२३ पासून तो सक्तीचा केला. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु सक्ती पहिल्या दोन वर्गांची, तिसरा ऐच्छिक. मोटार कंपनीची असेल तर धूर कंपनीचा. तीच मोटार ठेकेदाराची झाली की सक्तीच्या रकान्यातून तो नाहीसा! हवेत मात्र तेवढाच राहतो.

बीड जिल्ह्याला ही युक्ती नवी नाही. ऊसतोडणी कामगार उचल घेतो मुकादमाकडून आणि घाम गाळतो कारखान्यासाठी. अपघाताची वा बाळंतपणाची जबाबदारी विचारली की कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो. ज्या मुकादमीने माणूस हजेरीपटावरून पुसला, तीच आता धूर पुसू पाहत आहे. पाऊस लहरी झाल्यावर पहिला घाव बसतो तो मात्र कोरडवाहू शेतकऱ्यावर.

दुसरी पळवाट गुणोत्तराची. उलाढालीच्या दर रुपयामागे धूर घटला असे दाखवीत एकूण धूर वाढविता येतो.

म्हणून मागणी स्पष्ट हवी: तिसरा वर्ग सक्तीचा करा, एकूण आकडा ठळकपणे छापा, अहवाल मराठीत ग्रामसभेपुढे ठेवा. सहकारी साखर कारखाने शेअर बाजारात नसल्याने या सक्तीबाहेर आहेत; सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तेथेही हाच हिशेब मागितला पाहिजे. घरचा धूर झाकून शेजाऱ्याची चूल मोजणे समाजवाद्यांना शोभणारे नाही.