शाळेच्या फाटकाबाहेर कोण उभं राहणार?

(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय मोठा गुळगुळीत आहे. 'शाळेतील हिंसा-प्रतिबंधक तज्ज्ञाची भूमिका'. तज्ज्ञ म्हटलं की आपल्या लोकांच्या पोटात गोळा येतो, आणि तो उगाच येत नाही. तज्ज्ञ आला की पहिलं बोट आपल्याच पोराकडे जातं. पोरगा चिडका आहे. वस्तीतला आहे. बाप पितो. याचं समुपदेशन करा. ज्याने मारलं तो राहतो बाजूला आणि ज्याने मार खाल्ला त्याच्या डोक्याची तपासणी सुरू होते. तेव्हा हिंसा कुणाची आणि कुणावर, हे आधी ठरवू. मग तज्ज्ञाचं बघू.

सरकारी कागदाला शाळेतली हिंसा म्हणजे मधल्या सुट्टीतली गुद्दागुद्दी एवढंच कळतं. बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर बसत होते. शिपाई हजर नसला की त्या दिवशी पाणी नाही. तिथं कुणी त्यांना हात लावला नव्हता. हात लावायचा नाही, हीच तर ती हिंसा होती! ती कुठल्या रजिस्टरात लिहायची?

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड नावाचं शहर आहे. १९६६ च्या ऑक्टोबरात ब्लॅक पँथर पार्टी तिथं जन्मली आणि १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं. म्हणून ते गाव आपल्याला परकं नाही. बंदुका घेतलेले पँथर फोटोत सगळ्यांनी पाहिलेत. पण १९६७ साली याच पँथरांनी एका शाळेजवळच्या चौकात उभं राहून लहान पोरांना रस्ता ओलांडून दिला, हे फार कमी लोकांना ठाऊक आहे. त्या चौकात पोरं गाड्यांखाली येत होती, नगरपालिका सिग्नल लावत नव्हती. पँथर रस्त्यात उभे राहिले. सिग्नल आला.

त्याच शहरात शाळा खात्याचं स्वतःचं पोलीस दल होतं. होय, शाळेचे पोलीस! २०११ च्या जानेवारीत त्यातल्या एकाने एका शाळेबाहेर वीस वर्षांच्या काळ्या तरुणाला गोळ्या घालून मारलं. तिथून काळ्या आईबापांनी आणि पोरांनी जो लढा उभा केला तो नऊ वर्षं चालला. २०२० च्या मे महिन्यात मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, रस्ते पेटले, आणि २४ जून २०२० ला ओकलंडच्या शाळा मंडळाने आपलं पोलीस दल मोडीत काढायचा ठराव एकमताने केला. ठरावाला नाव फ्लॉइडचंच.

पण पोलीस गेला म्हणून गल्लीतली पिस्तुलं जात नाहीत. मग काय केलं त्यांनी? २०२२ पासून शहराच्या हिंसा-प्रतिबंध खात्याने काही हायस्कुलांत तिघातिघांच्या तुकड्या बसवल्या. एक असतो भांडण तोडणारा. हा गल्ली ओळखणारा माणूस. दुपारी कोण कुणावर खुन्नस धरून आहे ते त्याला शाळा सुटायच्या आत कळलं पाहिजे, आणि दोन्हीकडच्या पोरांपाशी जाऊन बसायची त्याची छाती पाहिजे. दुसरा एकेका पोराचा पाठीराखा. पोराच्या घरी जातो, शाळेबाहेरच्या भानगडीतही त्याच्या मागे उभा राहतो. तिसरी मुलींसाठी. जिला तिचा मित्र मारतो, जिला धंद्याला लावायला कुणी टपलंय, तिच्याशी बोलणारी.

यात जादू नाही. २८ सप्टेंबर २०२२ ला त्याच शहरात एका शाळेच्या आवारात गोळीबार झाला. सहा जण जखमी झाले, त्यातला एक पुढे मेला. तुकडी बसवली की रक्त थांबतं असं कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. मला त्यातलं घेण्यासारखं वाटतं ते एवढंच, की माणूस निवडताना भिंतीवरच्या पदवीआधी विचारलं जातं: पोरं याचं ऐकतात का?

आता आपल्याकडे या. तामिळनाडू. तिरुनेलवेली जिल्ह्यातलं नांगुनेरी. बारावीतला सतरा वर्षांचा दलित पोरगा. वर्गातली वरच्या जातीची पोरं त्याला छळतात, तो शाळेत जायचं सोडतो. शाळेतून विचारणा होते. मायलेक जाऊन सांगतात, नावं सांगतात. त्याच रात्री, ९ ऑगस्ट २०२३ ला, कोयते घेऊन पोरं त्याच्या घरात घुसली. त्याला तोडला. मध्ये पडलेल्या धाकट्या बहिणीलाही तोडली. कोयते धरणारे हात शाळकरी पोरांचे होते.

इथं जरा थांबा. त्या शाळेने नियमाप्रमाणेच केलं की! विचारणा केली, तक्रार घेतली. पण तक्रार घेतल्यानंतर त्या पोराची रात्र कुठं जाणार, हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. तक्रार करा, तक्रार करा, असं आपल्या पोरांना जो तो सांगतो. तक्रार म्हणजे आपला पत्ता शत्रूच्या हातात देणं असतं, बाबांनो. पत्ता घेणाऱ्याने दारात राखण ठेवली पाहिजे. (त्या पोराने हॉस्पिटलातून उठून बारावी दिली. ६०० पैकी ४६९.)

त्यानंतर सरकारने न्यायमूर्ती के. चंद्रू यांची एकसदस्य समिती नेमली. जून २०२४ मध्ये अहवाल आला. हातातले जातीच्या रंगाचे गंडेदोरे बंद करा, शाळांच्या नावातली जात काढा, ज्या भागात जी जात दांडगी तिचाच हेडमास्तर तिथं बसवू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आणि पाचशेच्या वर पोरं असलेल्या माध्यमिक शाळेत एक शाळा कल्याण अधिकारी नेमा, असंही. रॅगिंग, नशा, जातीचे गुन्हे यांवर नजर ठेवणारा. गंड्यांचं म्हणाल तर २०१९ सालीच तिथल्या शिक्षण खात्याने तसं परिपत्रक काढलं होतं. विरोधाची हाळी उठली आणि सरकार मागं सरलं. चार वर्षांनी कोयता आला.

आपण महाराष्ट्रातले, आपल्याला तोंड वर करून बोलायची सोय नाही. खर्डा, तालुका जामखेड. २८ एप्रिल २०१४. सतरा वर्षांचा आपला पोरगा, मराठा मुलीशी बोलतो या संशयावरून शाळेच्या आवारातून मारत नेला आणि संपवला. भर दिवसा. शाळा भरलेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. त्यांत त्याच शाळेतली माणसं होती. फळ्यावर सुविचार लिहिणारी!

म्हणून शाळेतल्याच मास्तराला हे जादा काम देऊन भागणार नाही. त्याचा पगार संस्थेकडे, संस्था पाटलाकडे, पाटील आरोपीच्या लग्नात. सगळेच मास्तर तसे नसतात, मान्य. पण चांगला मास्तरसुद्धा संध्याकाळच्या एस.टी.ने घरी जातो.

आपल्या राज्यात कागद कमी नाहीत. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती आली. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाला, आणि आईबाप पोलीस ठाण्यात तासन्‌तास बसून राहिले. लोक रुळावर उतरले तेव्हा सरकार जागं झालं. २५ जुलै २०२५ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवाच. हा आदेश आपण हातात धरला पाहिजे. 'सामाजिक कार्यकर्ता' हा शब्द त्यात आहे. आपल्या किती मुलामुलींनी समाजकार्याची पदवी घेऊन ती ट्रंकेत ठेवलीय? त्या जागा मागा. कंत्राटी नको, चार शाळांत मिळून एक नको. नाहीतर सोमवारी येऊन सही करणारा बुवा मिळेल आपल्याला, मन शांत ठेवायचे प्रकार शिकवणारा.

आणि त्याचं काम आपण लिहून देऊ. वर्गात कोण कुठं बसतं, पाण्याच्या टाकीला कोण शेवटी जातं, शिष्यवृत्तीची नावं भर वर्गात जात पुकारून कोण वाचतं, हे त्याने बघायचं. पोराने नाव घेतलं की त्याच दिवशी घरी जायचं. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेलं १५ अ कलम त्याला तोंडपाठ पाहिजे. बळी आणि साक्षीदाराला संरक्षण देणं सरकारवर बंधनकारक आहे. लैंगिक अत्याचार कळूनही पोलिसांना न कळवणं पॉक्सोखाली गुन्हा आहे, हे हेडमास्तरला पहिल्या दिवशीच सांगायचं, म्हणजे 'संस्थेची बदनामी' हा शब्द त्याच्या तोंडून निघणार नाही.

तो नेमला जाईपर्यंत काय? पँथरांनी सिग्नलची वाट चौकाबाहेर बसून पाहिली नव्हती. आपल्या वस्तीभोवतीच्या शाळांतून आपली पोरं किती वाजता सुटतात ते मुलींच्या गटाने काढून आणलंय. दोघादोघांच्या पाळ्या लागतील, त्यात एक मुलगी हवीच. मारामारी करायला जायचं नाही, हे आधीच सांगतो. ज्याला हात शिवशिवतात त्याने नाव देऊ नये. फाटकाबाहेर उभं राहायचं, पोरांची नावं माहीत करून घ्यायची, पोरगं चार दिवस दिसलं नाही तर घरी जाऊन विचारायचं. १०९८ हा नंबर मुलांना पाठ करून द्यायचा. तारीखवार वही ठेवायची. ती कुणाकडे राहणार ते आत्ताच ठरवा. चहा येतोय, तोवर नावं लिहून घेऊ.