ब्रिस्टलची एक दिवसाची यात्रा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



परदेशप्रवासाविषयी चार शब्द सांगावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा मला थोडा संकोचच वाटला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, प्राथमिक शाळेचा निवृत्त शिक्षक. शिवाय आता आपल्यातील कित्येक घरांची मुले परदेशी आहेत, आणि लंडनचा राजवाडा व घड्याळाचा मनोरा आपण सर्वांनी छायाचित्रांत पाहिलेला आहे. तेव्हा त्या सर्वांस फाटा देतो. गेल्या उन्हाळ्यात कन्येकडे लंडनला मुक्काम असता सौ. व मी असे दोघेच आगगाडीने ब्रिस्टल नामक शहरी जाऊन त्याच रात्री परतलो, तेवढ्या एका दिवसाची हकीकत निवेदन करतो.

ब्रिस्टलच का, असे जावईबापूंनीही विचारले. त्यास कारण शाळेच्या इतिहासातील एक ओळ. राजा राममोहन रॉय यांचे २७ सप्टेंबर १८३३ रोजी ब्रिस्टल येथे देहावसान झाले, हे मी उभ्या नोकरीत मुलांकडून पाठ करवून घेतले, नकाशावर ते गाव बोटाने दाखविले. जवळ आलोच आहोत तर ते डोळ्यांनी पाहावे, एवढाच हेतू.

गाडी पॅडिंग्टन स्थानकातून सुटते. अंतर सुमारे १९० किलोमीटर, वेळ पावणेदोन तासांच्या आसपास. साठी ओलांडलेल्यांना तेथे एक कार्ड विकत मिळते व त्यावर भाड्यात एकतृतीयांश सूट असते. आपल्याकडील ज्येष्ठांची सवलत २०२० साली बंद झाली, याची आठवण सौ.नी तिकिटाच्या खिडकीशीच करून दिली. हा लोहमार्ग ब्रुनेल नामक स्थापत्यविशारदाने बांधला व १८४१ मध्ये तो पुरा झाला. म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावण्यापूर्वी बारा वर्षे. त्याने रुळांमधील अंतर सात फुटांहून किंचित अधिक ठेवले होते. इतर कंपन्यांचे रूळ पावणेपाच फुटांच्या जवळपास. त्यामुळे दोन मार्ग जेथे मिळत तेथे सारा माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे. अखेर १८९२ मध्ये शेवटचे रुंद रूळही काढून टाकण्यात आले.

चिपनहॅम मागे पडल्यावर विजेच्या तारा संपतात. पुढील विद्युतीकरण २०१६ मध्ये लांबणीवर पडले, म्हणून गाडी तेथून आपल्या पोटातील डिझेल इंजिनांवर चालते. ‘इंग्रजांचीही कामे अर्धवट राहतात तर!’ असे सौ. म्हणाल्या, आणि त्यांस बरे वाटलेले दिसले. पुढे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा बॉक्स बोगदा लागतो. तो येण्यापूर्वीच आम्ही दशम्या व लसणीची चटणी सोडली होती. डब्यात कोणी मोठ्याने बोलत नव्हते, परंतु चटणीच्या वासास कोण आवरणार? समोरच्या वृद्ध बाईंनी हसून चौकशी केली, आणि अर्धी दशमी घेतली.

शहरात धान्यबाजाराच्या जुन्या इमारतीवर एक घड्याळ आहे, त्यास मिनिटकाटे दोन. शिक्षकाने तेथे थांबलेच पाहिजे! एका रेखांशास चार मिनिटे, हे आपण शिकलो आहोत. ब्रिस्टल लंडनच्या पश्चिमेस अडीच अंशांवर. सूर्य तेथे दहा मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. पूर्वी गाव आपल्या सूर्याप्रमाणे चाले, आगगाडी लंडनच्या वेळेने. १८५२ मध्ये गावाने लंडनची वेळ पत्करली, परंतु घड्याळावर आजही दोन्ही काटे आहेत. आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी ‘मुंबई टाइम’ ऐकलेला असेल. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ती वेळ मुंबईने १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

तेथून बसने आर्नोस व्हेल या दफनभूमीकडे निघालो. या शहरात १९६३ पर्यंत बस कंपनी गौरेतरांस चालक अथवा वाहक म्हणून घेत नसे. तेव्हा तेथील वेस्ट इंडियन तरुणांनी बसवर बहिष्कार पुकारला, अनेक गोरे विद्यार्थीही त्यात सामील झाले, आणि चार महिन्यांनी, ऑगस्टअखेर, कंपनीस नमते घ्यावे लागले. त्यानंतर नेमलेला पहिला गौरेतर वाहक रघबीर सिंग नावाचा शीख गृहस्थ होता. बहिष्कार हा शब्द आपल्या ज्ञातीस अपरिचित नाही. मात्र तो असा खालून वर टाकलेला मी प्रथमच ऐकला.

दफनभूमीच्या आवारात उपाहारगृह आहे, लोक थडग्यांच्या सोबतीने चहा घेतात. सौ.नी पाण्याचा घोटही घेतला नाही. आत, झाडांच्या सावलीत, एकदम आपल्याकडची वाटणारी दगडी छत्री दिसते. सभोवती ग्रीक धाटणीच्या इमारती, क्रूस, देवदूत, आणि मध्ये ही बंगाली छत्री! पाहून मन भरून आले.

राममोहन १८३१ मध्ये इंग्लंडास आले ते दिल्लीचा बादशहा दुसरा अकबर याचे वकील म्हणून. ‘राजा’ ही पदवी त्यानेच दिलेली. सतीबंदीच्या १८२९ च्या कायद्याविरुद्ध कलकत्त्याच्या सनातन्यांनी केलेले अपील १८३२ मध्ये फेटाळले गेले, तेव्हा ते तेथेच होते. दुसऱ्या वर्षी ब्रिस्टलजवळ स्टेपल्टन येथे ज्वराने त्यांचा अंत झाला. अंगावर जानवे होते. ख्रिस्ती दफनभूमीत देह ठेवला तर ज्ञात गेली असे ठरवून मुलांचा वारसाहक्क कोणी हिरावून घेईल, ही त्यांस धास्ती. म्हणून ज्या घरी प्राण सोडला, त्याच्याच बागेत कोणताही धर्मविधी न करता त्यांस पुरण्यात आले. १८४३ मध्ये द्वारकानाथ टागोरांनी देह येथे आणून वर छत्री उभारविली. ज्या पुरुषाने जिवंत स्त्रियांस चितेवरून उतरविले, त्यासही मरतेसमयी ज्ञातीची भीती वाटावी! हे पाठ्यपुस्तकात नव्हते, आणि असते तरी वर्गात कसे समजावून सांगितले असते, देव जाणे.

तेथे बाकावर बसलो असता मला आमच्या चुलत आजोबांची आठवण झाली. पहिल्या महायुद्धात ते पलटणीबरोबर बसऱ्यास गेले. परतल्यावर समुद्र ओलांडला म्हणून त्यांस पंचगव्य घ्यावे लागले, गावजेवण घालावे लागले. त्यात अर्धे शेत गेले. एवढे करूनही ते पंगतीच्या शेवटच्या पाटावर बसत. कोणी सांगितलेले नसे. त्यांस सवयच झाली होती. हे मी लहानपणी पाहिलेले आहे.

ब्रुनेलचा झुलता पूल व त्याचे लोखंडी जहाज पाहणे वेळेअभावी राहून गेले. कॉलेज ग्रीन येथे राममोहनांचा १९९७ साली उभारलेला पुतळा आहे, त्यास नमस्कार करून संध्याकाळची गाडी धरली. लंडनला पाऊस लागला होता. जावईबापू फलाटाच्या तोंडाशी दोन छत्र्या घेऊन उभे होते. कार्यालयातून परस्पर आलेले, न जेवता. घरी आल्यावर उरलेल्या चार दशम्या त्यांनी उभ्या उभ्याच खाल्ल्या, आणि चटणी संपली म्हणून हळहळले.

अध्यक्षमहाराज, जाता जाता एक विनंती. आपल्या परिवार-सूचीत माझ्या घराच्या नोंदीस चिरंजीवांचे, सूनबाईंचे व नातवाचे नाव आहे. कन्येचे नाव नऊ वर्षांपूर्वी, तिने ज्ञातीबाहेर विवाह केला तेव्हा गळले. त्या वेळी मी काही बोललो नाही, व आजही कोणास दोष देत नाही. सूचीची नवी आवृत्ती तयार होत आहे असे कळते. कन्या, जावई व सात वर्षांची नात अशी तीन नावे लिहून फॉर्म मी सोबत आणला आहे. सभा संपताच तो चिटणीसांच्या हाती देईन.