देवाला चालतं!

आपल्या नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत, हे आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानानं सांगतो. चौकट असते, कवाड नसतं. कुत्रं आत शिरू नये म्हणून फार तर एखादी फळी टेकवलेली. चोराला शनिदेव बघून घेतो, ही श्रद्धा. 2011 साली युको बँकेनं तिथं बिनकुलपाची शाखा काढली, तेव्हा देशभर बातमी झाली. त्या शाखेच्या काचेच्या दाराला सहजी न दिसणारं, रिमोटवर चालणारं कुलूप होतं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. बँकेला दोष कसा द्यायचा? लोकांचा पैसा सांभाळायचा असतो. पण कुलूपही हवं आणि बिनकुलपाचं नावही हवं, ही हौस मला फार ओळखीची वाटते.

आता शनिदेवाला वाहायच्या तेलाचं बघा. गाडी देवस्थानच्या रस्त्याला लागली की लटकू, म्हणजे पूजासाहित्याच्या दुकानांचे दलाल, धावत येतात. "माऊली, पार्किंग फुकट, इथंच लावा." गाडी लावायचा अवकाश, ताट हातात येतं: रुईच्या पानांची माळ, काळं कापड, घोड्याची नाल आणि तेलाची बाटली. भाव विचारला तर, "देवाच्या कामाला कुठं भाव करता?" बाटलीत काय आहे ते विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. या तेलात आपल्या घरी कुणी भजी तळणार नाही. अहो, तळपायालासुद्धा चोळणार नाही. देवाला मात्र चालतं! मला लटकूपेक्षा या गिऱ्हाइकाचं जास्त नवल वाटतं. साडेसाती टळावी म्हणून यायचं आणि जो साडेसाती देतो त्याच्याच डोक्यावर भेसळीचा माल ओतायचा, याला धाडसच लागतं. अखेर अशा तेलानं शनिदेवाच्या शिळेचीच झीज होईल अशी काळजी वाटू लागली आणि 1 मार्च 2025 पासून अभिषेकाला फक्त ब्रँडेड, शुद्ध तेल, असा नियम करावा लागला.

त्याच वर्षी नकली ॲपचं प्रकरण निघालं. देवस्थानच्या नावानं घरबसल्या पूजा, तेलाभिषेक. पैसे मात्र भलत्याच खात्यात. जुलैमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस विधानसभेत त्यावर बोलले. देवस्थानच्या कागदोपत्री 2447 कर्मचारी दाखवले गेले आणि त्यात बनावट भरती झाली, असंही त्यांनी सांगितलं. चौकशीतून काय ठरायचं ते ठरेल. पण खोटी नोट छापणारा पाचशेचीच छापतो, पाच रुपयांची नाही. शिंगणापूरच्या नावाला बाजारात पत आहे, म्हणूनच ते नाव चोरावंसं वाटलं. बिनदाराच्या घरातून भांडं उचलायला माणूस आजही बिचकतो. देवस्थानचं नाव मोबाइलवर उचलताना कुणाचा हात थरथरला असेल, असं दिसत नाही.

बनावट भरतीवर माझी एक साधी सूचना आहे. दर्शनाच्या रांगेत लोक बराच वेळ उभे असतात. त्या रांगेच्या कडेला कर्मचाऱ्यांची यादी लावावी: नाव, काम, पगार, कामाची वेळ. भाविक ती वाचतील की नाही, सांगता येत नाही. जवळच्या सोनईचे, घोडेगावचे लोक मात्र नक्की वाचतील. कोण कामाला जातं आणि कोण दिवसभर पारावर बसतं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.