खडकवासल्याचे पाणी आणि नदीकाठची घरे



पुणे शहराच्या नैर्ऋत्येस सुमारे २० किलोमीटर अंतरावर मुठा नदीवर खडकवासला धरण उभे आहे. पुण्याची तहान भागविणारा आणि हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतीस कालव्याद्वारे पाणी देणारा हा जलाशय पावसाळ्यात मात्र शासकीय यंत्रणेच्या दक्षतेची कसोटी पाहतो. पाणी किती साठवावे, ते केव्हा सोडावे आणि सोडलेल्या पाण्याची वार्ता नदीकाठच्या उंबरठ्यापर्यंत कशी पोहोचवावी, या तीन प्रश्नांचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

जुना प्रश्न, जुना धडा

तलावाची पातळी ताब्यात ठेवण्याचा प्रश्न या धरणाइतकाच जुना आहे. ब्रिटिश अमदानीत हा जलाशय ‘फाइफ तलाव’ म्हणून ओळखला जाई. १९०३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी येथे स्वयंचलित दारे बसविली. पाणी ठराविक पातळीच्या वर गेले की ती आपोआप उघडत आणि पातळी उतरली की आपोआप मिटत. धरणाची भिंत न वाढविता साठा वाढविण्याची ही योजना पुढे अन्यत्रही अनुकरणीय ठरली.

परंतु यंत्रालाही मर्यादा असतात. १९६१ च्या पावसाळ्यात आंबी नदीवरील पानशेतच्या मातीच्या धरणाचे काम पुरे व्हावयाचे होते. धरणाला धोका निर्माण झाल्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते वाचविण्याची शर्थ केली. तथापि १२ जुलै रोजी सकाळी पानशेत फुटले आणि तो लोंढा पोटात घेणे अशक्य होऊन दुपारी खडकवासलाही फुटले. मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हजारो कुटुंबे बेघर झाली आणि त्यांच्यासाठी शहराच्या अन्य भागांत नव्या वसाहती उभाराव्या लागल्या. जलाशयाची पातळी ही केवळ अभियंत्यांची बाब नसून प्रत्येक नदीकाठच्या घराशी तिचा संबंध आहे, हे पुण्याने त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन जाणले.

लहान तलाव, मोठे खोरे

मुठेच्या खोऱ्यात आता चार धरणांची साखळी आहे. टेमघरची उपयुक्त साठवणक्षमता ३.७१ टीएमसी, वरसगावची १२.८२, पानशेतची १०.६५ आणि सर्वांत खाली असलेल्या खडकवासल्याची अवघी १.९७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी आणि एक क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट प्रवाह. वरच्या तिन्ही धरणांचा विसर्ग आणि मधल्या डोंगरउतारांवरील पाऊस अखेर या सर्वांत लहान तलावातच येऊन मिळतो.

याचा अर्थ साध्या हिशेबाने समजू शकतो. ३५ हजार क्यूसेक वेगाने पाणी येत राहिले, तर रिकामा खडकवासला सुमारे १६ तासांत भरेल. तलाव आधीच ८० टक्के भरलेला असेल तर हाच अवधी तीन तासांवर येतो. ९० टक्के भरलेला असल्यास हाती उरतो तो दीड तास. एवढ्या अवधीत दारे उचलण्याचा निर्णय घ्यावयाचा, शहरास व खालच्या गावांस कळवावयाचे आणि माणसे हलवावयाची!

म्हणूनच जलाशयात पावसाळाभर थोडी जागा मोकळी ठेवणे आणि अतिवृष्टीचा अंदाज मिळताच दिवसाउजेडी, टप्प्याटप्प्याने विसर्ग वाढविणे हितावह असते. पाणी सोडले आणि पुढे पावसाने ओढ दिली तर काय, ही अधिकाऱ्यांची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही, कारण उन्हाळ्यात टंचाई भासली की जाब त्यांनाच विचारला जातो. परंतु येथून सोडलेले पाणी मुळा-मुठा व भीमा या नद्यांतून उजनीच्या जलाशयात जाते. तेथे त्याचा उपयोग होतोच. रात्री अकस्मात सोडाव्या लागणाऱ्या मोठ्या विसर्गाने मात्र संसार उघड्यावर पडतात.

२५ जुलै २०२४

२४ जुलै २०२४ च्या रात्री घाटमाथ्यावर आणि खुद्द पुणे शहरातही मुसळधार पाऊस कोसळला. २५ जुलैच्या पहाटे खडकवासल्याचा विसर्ग वाढत जाऊन ३५ हजार क्यूसेकच्या वर गेला. सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात इमारतींच्या तळमजल्यांत पाणी शिरले. अग्निशमन दल व लष्कराच्या जवानांनी रहिवाशांची सुटका केली. डेक्कन जिमखाना भागात नदीकाठी, पाण्यापासून हातगाडी वाचविण्याच्या धडपडीत, तिघांचा विजेच्या धक्क्याने अंत झाला. पुरेशी पूर्वसूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती.

या तक्रारीच्या मुळाशी जाणे अगत्याचे आहे. धरणाच्या नियंत्रण कक्षातून निघालेला संदेश जिल्हा प्रशासन, महानगरपालिका आणि पोलीस यांच्याकडे जातो. पुढे तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील व सरपंच यांच्यापर्यंत पोहोचतो. प्रत्येक पायरीवर अर्धा तास गेला तरी चार पायऱ्यांत दोन तास खर्ची पडतात. शिवाय ‘विसर्ग ३५ हजार क्यूसेक’ या वाक्याने सामान्य गृहिणीस काय बोध व्हावा? पुणेकर पुराचे मान ठरवितात ते बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला की नाही यावरून. तेव्हा किती विसर्गाला कोणत्या गल्लीत, कोणत्या घराच्या पायरीला पाणी लागते, याची नोंद आधी करून तिच्या खुणा भिंतींवर व विजेच्या खांबांवर रंगवून ठेवल्यास सूचनेचा अर्थ तत्काळ उमगेल.

गावाने करावयाची तयारी

शहराच्या खाली हवेली व दौंड तालुक्यांतील गावांनाही हेच पाणी भेटते. तेथील शेतकऱ्याची पहिली काळजी काठावरील विद्युत मोटारींची आणि गुरांची असते. विसर्ग वाढण्यापूर्वी मोटारी वर ओढण्यास अवकाश मिळाला, तर हजारो रुपयांची हानी टळते आणि माणसे ऐनवेळी पाण्यात उतरत नाहीत.

पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने नदीकाठच्या घरांची यादी करावी. वृद्ध, आजारी, गरोदर स्त्रिया व लहान मुले कोणत्या घरांत आहेत हे तीत नमूद असावे. कोणत्या घरातील माणसे कोणत्या शाळेत न्यावयाची, तेथील किल्ली कोणापाशी आहे, वीजप्रवाह बंद करण्यासाठी कोणाला सांगावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. भ्रमणध्वनीवर संदेश येत असले तरी दवंडी, देवळावरील ध्वनिक्षेपक आणि दारावरची थाप यांचे महत्त्व रात्रीच्या वेळी कमी होत नाही. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पूरखुणांचा नकाशा काढून घेतला, तर तो घरोघर पोहोचेल. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असले, तरी त्या प्राधिकरणाचे डोळे आणि कान गावातच असतात.

रेषेच्या आत घर नको

अखेरचा प्रश्न घरांच्या जागेचा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखविते आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. २५ वर्षांतून एकदा म्हणजे आणखी २५ वर्षे निर्धास्त, असा समज पुष्कळांचा असतो. वास्तविक अशा पुराची शक्यता दर वर्षी चार टक्के असते. निळ्या रेषेलगत घर बांधून तेथे ३० वर्षे राहणाऱ्या कुटुंबास या काळात एकदा तरी पूर गाठण्याची शक्यता सुमारे ७० टक्के भरते. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणाऱ्यास हा हिशेब परवानगी देतानाच सांगितला गेला पाहिजे. नदीपात्रात टाकलेला राडारोडा आणि भराव यांमुळे पात्र अरुंद होते आणि पूर्वी जो विसर्ग सुखाने वाहून जाई, तोच वस्तीत शिरतो. एका बाजूने बोटी सज्ज ठेवावयाच्या आणि दुसऱ्या बाजूने भरावाकडे कानाडोळा करावयाचा, ही विसंगती स्थानिक संस्थांनी दूर केली पाहिजे.

पाऊस कोणाच्या आज्ञेत नाही. परंतु तलावात ठेवावयाची मोकळी जागा, वेळेवर उचललेले दार, दिव्याच्या खांबावरची खूण आणि मध्यरात्री शेजाऱ्याच्या दारावर दिलेली थाप, या सर्व गोष्टी माणसाच्या हातातील आहेत. त्यांची तयारी जूनपूर्वी पुरी झाली, तर जुलैत धरणाचा भोंगा ऐकून नदीकाठची माणसे घाबरणार नाहीत. ठरलेल्या वाटेने, मुलाबाळांसह, उंचावर जातील.