मूडल, क्लासरूम की स्वयम? आधी नेट बंद करून बघा!

आजचा विषय आहे कॉलेजचं ऑनलाइन शिक्षण. मूडल, गूगल क्लासरूम आणि स्वयम, यातलं चांगलं कुठलं?

आधी एक किस्सा सांगतो. 2020 चा लॉकडाऊन, माझं बीटेक चालू होतं. माझा रूममेट गावी अडकलेला. घरात रेंज नाही, म्हणून गडी टेकडीवर बसून टेस्ट द्यायचा. एकदा सगळी उत्तरं लिहून झाली, सबमिट दाबलं आणि नेट गेलं. उत्तरं उडाली, मार्क शून्य. तेव्हा आम्ही नेटला शिव्या घातल्या. आज स्वतः सॉफ्टवेअर लिहितो तेव्हा कळतं, नेट जाणारच होतं. ते गृहीत धरून टेस्ट कुणी लावलीच नव्हती.

आता तुलना करू. क्लासरूम 2014 मध्ये आलं. सर्व्हर नको, काही नको, सर दहा मिनिटांत वर्ग सुरू करतात. नोट्स आणि असाइनमेंटसाठी मस्त. पण टेस्ट बहुतेक वेळा गूगल फॉर्मवर होते, आणि मोठ्या परीक्षेसाठी फॉर्म तोकडा पडतो.

मूडल 2002 पासून आहे, ओपन सोर्स आहे, लायसन्सला पैसे लागत नाहीत. मात्र सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूसही लागतो. बदल्यात प्रश्नपेढी मिळते आणि क्विझ चालू असताना उत्तरं आपोआप सेव्ह होत राहतात. सरांनी परवानगी दिली तर मोबाइल ॲपवर क्विझ ऑफलाइनसुद्धा सोडवता येते. फक्त तिला वेळेची मर्यादा असून चालत नाही. म्हणजे सरावासाठी एकदम बेस्ट.

स्वयमचं गणित वेगळं. 2017 मध्ये सुरू झालेल्या या सरकारी प्लॅटफॉर्मवर अख्खा कोर्सच तयार मिळतो. यूजीसीच्या 2021 च्या नियमानुसार एका सेमिस्टरचे 40 टक्क्यांपर्यंत कोर्स तिथून घेता येतात, कॉलेजनं मान्यता दिली तर. पण तुमच्या सरांना तुमच्या वर्गाची टेस्ट घ्यायला ते नाही.

मग निवडायचं कसं? माझी टेस्ट साधी आहे. अर्ध्या क्विझमध्ये फोन फ्लाइट मोडवर टाका, दोन मिनिटांनी परत या. उत्तरं जागेवर आहेत का? नसतील तर परीक्षेआधीच सरांना दाखवा. प्लॅटफॉर्म कॉलेजच्या वायफायवर नाही, टेकडीवर बसलेल्या पोराच्या फोनवर तपासायचा असतो.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!