आईचे दुखणे आणि बाळाची शिदोरी

एरंडाची बी आणि गुंज, दोन्हींत जहाल विष असते. पॉल एर्लिख यांनी बर्लिनमध्ये हीच विषे उंदरांना अगदी थोड्या, हळूहळू वाढवत नेलेल्या मात्रेत दिली आणि ती पचवायला सरावलेल्या उंदरांची पिल्ले तपासली. १८९२ मध्ये त्यांनी जे मांडले त्याने एक जुना गोंधळ मिटवला. विष पचवणाऱ्या नराची पिल्ले त्या विषाने मरत, मादीची तगत. म्हणजे हे संरक्षण बीजातून उतरलेले नव्हते. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिल्ले सरावलेल्या मादीच्या अंगावर पाजली, तर तीही तगू लागली. मात्र वाढत्या वयाबरोबर हे संरक्षण ओसरत गेले. या प्रयोगाला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्या आरोग्यव्यवस्थेने त्याचा अर्थ अजून पुरता पचवलेला नाही, असे मला वाटते. बाळाची प्रतिकारशक्ती त्याच्या पहिल्या लसीपासून मोजायची आपल्याला सवय आहे. प्रत्यक्षात तिची घडण आईच्या गरोदरपणात सुरू होते, आणि आईला झालेला संसर्ग त्या घडणीत संरक्षण व इजा या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकाच वाटेने पोचवतो. म्हणून आईचा आजार टाळून त्याच्या प्रतिकाराची आठवण तेवढी बाळापर्यंत नेणे हे बालआरोग्याचे पहिले काम ठरते. आज मला हेच मांडायचे आहे.

माणसात ही देवाणघेवाण मुख्यतः वारेतून होते. आयजीजी जातीच्या प्रतिपिंडांना वारेच्या पेशींतले खास ग्राहक-रेणू उचलतात आणि बाळाच्या रक्तात सोडतात. तेराव्या आठवड्याच्या सुमारास याची सुरुवात होते, पण खरा भर शेवटच्या तिमाहीत असतो. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या रक्तात ही प्रतिपिंडे आईच्या रक्तातल्यापेक्षाही काहीशी जास्त सापडतात. ही त्याची शिदोरी. साधारण तीन आठवड्यांत ती निम्मी होते, पुढच्या तीन आठवड्यांत उरलेल्याची निम्मी, आणि सहा महिन्यांचे होईतो फारसे काही शिल्लक राहत नाही. सातव्या महिन्यात जन्मलेले बाळ ती अर्धीमुर्धीच घेऊन येते. त्याच्या नाजूकपणाचे हे एक मोठे कारण आहे. आईची गाठ ज्या रोगाशी किंवा लसीशी कधी पडलेलीच नाही, त्या रोगापुरते शिदोरीत काही नसते. बाळंतपणानंतरच्या चिकात आणि दुधात आयजीए ही दुसरी प्रतिपिंडे भरपूर असतात. ती रक्तात शिरत नाहीत, आतड्याच्या अस्तरापाशी राहून जंतूंना तिथेच थोपवतात. चीक पिळून टाकण्याची चाल आपल्याकडे अनेक घरांत होती, आणि तिने बाळाचे नेमके हेच संरक्षण हिरावून घेतले.

हे कागदावरचे शास्त्र आहे असे कोणी म्हणेल, तर धनुर्वाताकडे पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये जगात ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने दगावली. हा रोग बहुधा पहिल्या आठवड्याच्या आसपास प्रकट होतो. चांगले अंगावर पिणारे बाळ एकाएकी तोंड मिटून घेते, आणि मग आचके येतात. बाळाला जन्मल्यावर लस देऊन हे टाळता येत नाही, कारण लसीचा परिणाम व्हायला लागणारे आठवडेच त्याच्याजवळ नसतात. लसीचा मार्ग एकच होता: ती आईला देणे. २०१५ मध्ये भारतात माता आणि नवजात बाळांमधल्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. या यशात दवाखान्यातल्या बाळंतपणांचा आणि नाळ कापायच्या स्वच्छ पात्याचाही मोठा वाटा आहे, तो नाकारून चालणार नाही. पण धनुर्वाताचे जंतू मातीत कायम राहतात, त्यामुळे आईची लस थांबवता येत नाही. बांगलादेशात ३४० गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शेवटच्या तिमाहीत फ्लूची लस घेतलेल्या आयांच्या बाळांना पहिल्या सहा महिन्यांत तपासणीने सिद्ध झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी झाला. लस टोचली आईला, आणि वाचले बाळ.

इथवरची गोष्ट प्रतिपिंडांची, आणि ती सरळ आहे. पुढची तशी नाही, म्हणून तिथे थोडे थांबावे लागेल. आईच्या संसर्गाने गर्भाचे काय होते, या प्रश्नावर बराच काळ एकच उपप्रश्न विचारला जाई: जंतू वार ओलांडून गेला का? १९४१ मध्ये सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी रुबेला झालेल्या आयांच्या बाळांत जन्मजात मोतीबिंदू दाखवून दिला, तेव्हापासून ही चौकट पक्की झाली. २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आय इंग लिम, यास्मिन बेलकैद आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जे प्रसिद्ध केले, त्याने ती मोडली. त्यांनी गाभण उंदरिणींना यर्सिनिया या आतड्याच्या जंतूचा सौम्य संसर्ग दिला. तो थोड्या दिवसांत बरा झाला आणि गर्भापर्यंत पोचलाही नाही. तरीही पिल्ले मोठी झाल्यावर त्यांच्या आतड्यांत टीएच-१७ या लढाऊ पेशी नेहमीपेक्षा जास्त आढळल्या. सगळे घडवून आणणारा निरोप्या होता इंटरल्युकिन-६, संसर्गात आईच्या रक्तात वाढणारा दाहाचा एक रेणू. जंतू बाजूला ठेवून गाभण मादीला नुसता हा रेणू टोचला, तरी परिणाम तोच. गर्भाच्या आतड्यातल्या मूळपेशींच्या जनुकांवर त्याची खूण उमटली होती आणि ती पुढे टिकली. या पिल्लांना साल्मोनेला दिला तेव्हा त्यांनी त्याला इतरांपेक्षा चांगले तोंड दिले. आणि आतड्याला सूज आणणारा प्रयोग केला, तेव्हा हीच पिल्ले जास्त आजारी पडली.

या निष्कर्षाशेजारी २००७ चा दुसरा एक प्रयोग ठेवून पाहा. कॅलिफोर्नियात पॉल पॅटर्सन यांच्या प्रयोगशाळेत गर्भारपणाच्या मध्यावर उंदरिणींना इंटरल्युकिन-६ चे एकच इंजेक्शन दिले, तर त्यांच्या पिल्लांच्या वागण्यात मोठेपणी दोष दिसले. विषाणूचा आभास निर्माण करणारे द्रव्य टोचताना हा रेणू प्रतिपिंडाने अडवला, तर ते दोष टळले. रेणू तोच, गर्भारपणाचा टप्पाही जवळपास तोच. एका अवयवात त्याने तयारी घडवली, दुसऱ्यात इजा. माझ्या दृष्टीने या सगळ्या संशोधनाचे मर्म इथे आहे. संरक्षण देणारा दाह वेगळा आणि नुकसान करणारा वेगळा, अशी विभागणी निसर्गात सापडत नाही. कोणता अवयव त्या वेळी घडत होता, दाह किती होता, किती दिवस टिकला आणि पुढे त्या जिवाला कोणत्या जगात राहावे लागले, यावर फळ ठरते.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. उंदराचे गर्भारपण तीन आठवड्यांचे, त्याची वार वेगळी, त्याचे प्रयोगशाळेतले जगणे वेगळे. माणसांतला पुरावा काय सांगतो? १९५७ च्या फ्लूच्या साथीत हेलसिंकीमध्ये ज्यांच्या आया दुसऱ्या तिमाहीत होत्या, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया जास्त आढळल्याचे १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. नंतरच्या सगळ्या अभ्यासांना तसे आढळले नाही. स्वीडनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तर फार शिकवणारा आहे. गरोदरपणी संसर्गासाठी उपचार घेतलेल्या आयांच्या मुलांत स्वमग्नता थोडी जास्त दिसली. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. गरोदरपणाच्या आदल्या वर्षी झालेल्या संसर्गाशीही असाच संबंध दिसला, आणि एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना करताच तो नाहीसा झाला. म्हणजे निदान त्या बाबतीत दोष संसर्गाचा नसून त्या कुटुंबांतल्या आनुवंशिक वा इतर कारणांचा असावा. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण अशा संशोधनाच्या अर्धवट बातम्या आईच्या माथी दोष मारायला वापरल्या जातात. गरोदरपणी ताप येऊन गेलेल्या बहुतेक स्त्रियांची बाळे सुदृढ असतात. ज्या मुलाची वाढ वेगळी होते त्याच्या आईला तुला तेव्हा काय झाले होते असे विचारत बसणे क्रूर आहे, आणि पुराव्याला धरूनही नाही. प्रयोगशाळा आपल्याला यंत्रणा दाखवते. एकेका बाईचा निवाडा करायचा अधिकार ती कोणाला देत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. संसर्गाने पिल्लांना बळ मिळाले ना, मग आजार अंगावर काढू द्यावेत, निसर्गच बाळाला तयार करील. या म्हणण्याला पुरावा साथ देत नाही. साल्मोनेलापासून तगलेल्या पिल्लांनी त्याची किंमत आतड्याच्या सुजेत मोजली, आणि तो संसर्ग प्रयोगासाठी निवडलेला, सौम्य होता. प्रत्यक्षात गरोदर स्त्रीला होणारा मलेरिया वारेतच ठाण मांडतो, बाळाचे वजन घटवतो आणि प्रतिपिंडांचे वहनही कमी करतो. चाणाक्ष श्रोता इथे मला अडवील: लसीनेही थोडा दाह होतोच, मग तीही इजा करील? प्रश्न टाळण्यासारखा नाही. लसीचा दाह एखाद-दोन दिवसांचा आणि अल्प असतो. पण तर्कावर विसंबायचे कारण नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी स्वीडनमध्ये गरोदर स्त्रियांना दिलेल्या लसीत प्रतिकार चेतवणारे जादा द्रव्य होते. पोटात असताना ती लाभलेल्या सुमारे ४० हजार मुलांचा पुढे माग काढला, आणि त्यांच्यात स्वमग्नतेचे प्रमाण वाढलेले आढळले नाही.

आईची प्रतिपिंडे बाळाच्या स्वतःच्या लसीला अडवतात, हा तिसरा मुद्दा खरा आहे. गोवर-रुबेलाची लस आपण नऊ महिन्यांनंतर देतो, त्याचे हे एक कारण. पण इंग्लंडमध्ये २०१२ च्या डांग्या खोकल्याच्या साथीत १४ तान्ही बाळे दगावली, ती आपली लस घेण्याच्या वयाची होण्याआधीच. गरोदर आयांना लस देणे सुरू झाल्यावर तीन महिन्यांखालच्या बाळांत तिची परिणामकारकता ९० टक्क्यांहून जास्त ठरली. बाळाच्या नंतरच्या डोसाला प्रतिसाद किंचित उणा पडला तर तो पुढच्या डोसाने भरून काढता येतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी संबंध जुना आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या, तेव्हा ९२ टक्क्यांना स्त्रीरोग वा लैंगिक रोगांपैकी काही ना काही होते, या रोगांत निम्मा वाटा जननमार्गाच्या संसर्गांचा होता, आणि पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे छापले. अंगावरून जाणे हे बाईचे भोगणे समजून सोडून दिले जात होते, आणि आजही पुष्कळ घरांत समजले जाते. असे संसर्ग अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाशी जोडलेले आहेत, आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ म्हणजे अर्धी शिदोरी. २०२३ मध्ये सात देशांतल्या २९ हजारांहून अधिक स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नागपूर त्यातले एक केंद्र होते. प्रसूतीच्या कळा सुरू झाल्यावर अझिथ्रोमायसिनची एक मात्रा दिली, तर आईचा जंतुदोष किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. बाळांना मात्र फायदा झाला नाही. आयांसाठी हा लाभ मोलाचाच आहे. बाळाच्या बाजूने पाहता मला यात एक सूचना दिसते, सिद्धता नव्हे: प्रसूतीच्या दिवशी दिलेले औषध आधीच्या महिन्यांत जे घडले वा घडायचे राहिले ते भरून काढू शकत नाही. आज आपल्या राष्ट्रीय लसीकरणात गरोदर स्त्रीला धनुर्वात आणि घटसर्पाची टीडी मिळते; डांग्या खोकल्याची आणि फ्लूची लस त्यात नाही, ती बहुतांशी खासगी दवाखान्यात पैसे मोजूनच मिळते. उपकेंद्रात टीडी टोचणारी परिचारिका आहे, लस थंड ठेवणारी पेटी आहे, नोंदीचे कार्ड आहे. त्याच भेटीत या दोन लसी आणि अंगावरून जाण्याची विचारपूस, तपासणी व उपचार बसवायला नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही; लागेल तो निधी आणि निर्णय, आणि त्यांची मागणी बालरोगतज्ज्ञांनी स्त्रीरोगतज्ज्ञांइतक्याच जोराने केली पाहिजे.